टर्मिनलमधल्या मजकुराला रंग कसा द्यायचा, आणि कधी द्यायचा नाही

टर्मिनल किंवा कमांड लाइन म्हणजे काळ्या पडद्यावरची एकसुरी पांढरी अक्षरे, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात आज लिनक्स, मॅक किंवा विंडोजवरचे टर्मिनल उघडून एखादी आज्ञा दिली, की फोल्डरची नावे निळी, चुकांचे संदेश लाल आणि पार पडलेली कामे हिरवी दिसतात. हे रंग कुठून येतात, आपल्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये ते कसे आणायचे आणि त्यात कुठे फसायला होते, याची माहिती या लेखात घेऊ.

एक सूचना आधीच. या लेखात आज्ञा आणि कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना अक्षरे रोमन लिपीत आणि अंक इंग्रजीतच टाका. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि कोडमध्ये देवनागरी ३१ पडले, तर रंग येणार नाही आणि चूकही पटकन दिसणार नाही.

रंग म्हणजे मजकुरातच मिसळलेली अक्षरे

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. वर्डमध्ये आपण एखादा शब्द निवडून लाल करतो, तेव्हा शब्द वेगळा राहतो आणि त्याच्या रंगाची नोंद वेगळी राहते. टर्मिनलमध्ये असे काही नसते. प्रोग्रामकडून टर्मिनलकडे अक्षरांची फक्त एक सलग रांग जाते. रंग बदलायचा असेल तर त्याच रांगेत, मजकुराच्या मधोमध, काही खास अक्षरे घुसवावी लागतात. टर्मिनल ती अक्षरे पडद्यावर दाखवत नाही. ती सूचना म्हणून घेते आणि पुढचा मजकूर त्या रंगात काढते. या अक्षरगटाला एस्केप कोड म्हणतात.

असा कोड साधारण असा दिसतो:

एस्केप [ ३१ एम

पहिले अक्षर एस्केप. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातल्या बटणाचे नाव तेच आहे, आणि आस्की तक्त्यात त्याचा क्रमांक २७. ते डोळ्यांना दिसत नाही. ‘यापुढचे छापू नका, ऐका’ असे ते टर्मिनलला सांगते. मग डावा चौकोनी कंस, मग एक किंवा अनेक आकडे, आणि शेवटी लहान लिपीतला एम. वर अक्षरे सुटी दाखवली आहेत ती वाचायला सोपी जावीत म्हणून. कोडमध्ये मधे जागा सोडायची नाही. एकापेक्षा जास्त आकडे असतील तर त्यांच्यामध्ये अर्धविराम देतात. एम म्हणजे अक्षरांच्या रूपाबद्दलची सूचना. दुसरी अक्षरे दुसरी कामे करतात, जसे कर्सर हलवणे किंवा पडदा पुसणे.

हीच कल्पना भारतीय लिप्यांच्या संगणकीय इतिहासातही आहे. युनिकोड येण्यापूर्वी मराठी मजकूर साठवण्यासाठी ‘इस्की’ हे भारतीय मानक वापरले जाई (आयएस १३१९४, सन १९९१). आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान त्यावरच चाले. इस्कीमध्ये ‘एटीआर’ नावाचा एक खास कोड होता. त्याच्या पाठोपाठ आलेला एक बाइट सांगे, की पुढचा मजकूर ठळक घ्या, अधोरेखित घ्या, किंवा देवनागरीऐवजी दुसऱ्या लिपीत दाखवा. रूपाची सूचना मजकुराच्या रांगेतच पाठवायची, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

थोडा इतिहास

एकेकाळी टर्मिनल हे खरोखरचे यंत्र असे. पडदा आणि कीबोर्ड टेबलावर, मुख्य संगणक दुसऱ्या खोलीत. प्रत्येक कंपनीच्या टर्मिनलचे कोड वेगळे होते, त्यामुळे एकासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर कचरा दाखवी. यावर उपाय म्हणून युरोपात १९७६ साली एकमा-४८ हे मानक आले आणि १९७९ साली अमेरिकेत त्याच धर्तीचे एएनएसआय मानक. दरम्यान १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट या कंपनीचे व्हीटी-१०० टर्मिनल बाजारात आले आणि अफाट खपले. त्याने हे कोड घरोघरी नाही, तरी संगणकघरोघरी नेले. गंमत म्हणजे व्हीटी-१०० ला रंग नव्हताच. ठळक, अधोरेखित, लुकलुकणारे आणि उलट रंगाचे, एवढेच त्याला जमे. अमेरिकी मानक पुढे मागे घेतले गेले, पण ‘अ‍ॅन्सी कोड’ हे नाव लोकांच्या तोंडी राहिले ते राहिलेच.

आज आपण वापरतो ते टर्मिनल म्हणजे त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम आहे. आज्ञांमध्ये ‘टीटीवाय’ ही अक्षरे वारंवार भेटतात, ती तर त्याहूनही जुन्या टेलिटाइप यंत्राची आठवण.

आठ रंग लक्षात ठेवायची सोपी रीत

मूळ मानकात आठ रंग आहेत. अक्षराच्या रंगासाठी ३० ते ३७ आणि पार्श्वभूमीसाठी ४० ते ४७. तक्ता पाठ करायची गरज नाही. लाल म्हणजे १, हिरवा म्हणजे २, निळा म्हणजे ४, एवढे लक्षात ठेवा आणि प्रकाश मिसळतो तशी बेरीज करा. लाल आणि हिरवा मिळून पिवळा, म्हणून पिवळा ३. लाल आणि निळा मिळून किरमिजी, म्हणून ५. हिरवा आणि निळा मिळून आकाशी, म्हणून ६. तिन्ही मिळून पांढरा ७, आणि काहीच नाही तो काळा ०. या अंकात ३० मिळवले की अक्षराचा रंग, ४० मिळवले की मागचा. म्हणजे ३१ लाल, ३२ हिरवा, ३३ पिवळा.

हेच रंग उजळ हवे असतील तर ९० ते ९७ (मागच्यासाठी १०० ते १०७). हे मूळ मानकात नव्हते, नंतर आले, पण आता जवळजवळ सगळीकडे चालतात. रंगाशिवायचे उपयोगी आकडे असे: १ ठळक, ४ अधोरेखित, ७ उलट रंग, ३९ अक्षराचा मूळचा रंग, ४९ पार्श्वभूमीचा मूळचा रंग. आणि ० म्हणजे सगळे पूर्ववत.

हा शून्य कधीही विसरू नका. लाल चालू करून बंद केला नाही, तर तुमचा प्रोग्राम संपल्यावरही पुढच्या आज्ञा लालच दिसू शकतात.

प्रत्यक्ष करून पाहायचे असेल तर लिनक्स किंवा मॅकवर ही ओळ द्या:

प्रिंटएफ '\०३३[३१एमकमी\०३३[०एम\एन'

यातले ‘बॅकस्लॅश शून्य तीन तीन’ म्हणजे एस्केप. आठ आधाराच्या पद्धतीत २७ चे ३३ होतात. ‘कमी’ हा शब्द लाल दिसेल आणि त्यानंतर सगळे पहिल्यासारखे होईल. ‘एको’ ऐवजी ‘प्रिंटएफ’ वापरायचे कारण असे, की एको वेगवेगळ्या शेलमध्ये वेगळे वागते. कुठे बॅकस्लॅशचा अर्थ लावते, कुठे तो तसाच छापते. पायथनमध्ये एस्केप ‘बॅकस्लॅश एक्स एक बी’ असा लिहिता येतो, जावास्क्रिप्टमध्येही. बॅशमध्ये चालणारा ‘बॅकस्लॅश ई’ हा आखूड प्रकार मात्र पायथनला कळत नाही. इंटरनेटवरून ओळ उचलताना इथे हमखास घोळ होतो.

२५६ रंग, आणि त्यातला भगवा

आठ-सोळा रंग पुरत नसतील तर ३८ आणि ५ या आकड्यांमागे रंगाचा क्रमांक देतात: एस्केप [ ३८ ; ५ ; क्रमांक एम. मागच्या रंगासाठी ३८ च्या जागी ४८. क्रमांक ० ते २५५. पहिले १६ म्हणजे आधीचेच रंग, शेवटचे २४ (२३२ ते २५५) राखाडीच्या छटा. मधले २१६ हे लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्यांतून येतात. सहा गुणिले सहा गुणिले सहा.

क्रमांक काढायची रीत: प्रत्येक रंगाची पायरी ० ते ५ घ्या. लालच्या पायरीला ३६ ने गुणा, हिरव्याच्या पायरीला ६ ने, निळ्याची तशीच ठेवा. सगळ्यांची बेरीज करून त्यात १६ मिळवा. भगवा हवा असेल तर लाल पूर्ण म्हणजे ५, हिरवा २, निळा ०. १८० अधिक १२ अधिक १६, म्हणजे २०८. करून पाहा, चांगला भगवा येतो.

त्याही पुढे ३८ ; २ नंतर लाल, हिरवा, निळा यांची ० ते २५५ मधली नेमकी मूल्ये देता येतात. असे १,६७,७७,२१६ रंग होतात. एवढ्या रंगांचे टर्मिनलमध्ये काय करायचे, हा प्रश्न वेगळा. सगळी टर्मिनले ते दाखवतातच असे नाही. ‘टीपुट कलर्स’ ही आज्ञा दिली, की तुमच्या टर्मिनलच्या नोंदीप्रमाणे किती रंग उपलब्ध आहेत तो आकडा मिळतो.

माझे मत विचाराल तर रोजच्या कामाला पहिले सोळाच बरे. त्यामागे कारणही आहे. ‘लाल’ म्हटले की नेमका कोणता लाल, हे त्या सोळांच्या बाबतीत वापरणाऱ्याचे टर्मिनल ठरवते. ज्याने आपल्या डोळ्यांना सोसेल अशी रंगसंगती निवडली आहे, त्याला तुमचा प्रोग्रामही त्याच रंगांत दिसतो. नेमकी मूल्ये दिली की ती निवड तुम्ही त्याच्या हातून काढून घेता.

अर्थात टर्मिनलची निवडही चुकू शकते. विंडोजच्या जुन्या कन्सोलमधला निळा काळ्यावर इतका गडद दिसे की तो वाचणे मुश्कील होते. शेवटी २०१७ साली मायक्रोसॉफ्टने ते रंगच बदलले.

रंग गळ्याशी येतो तो असा

आता ज्या भागासाठी हा लेख मुद्दाम लिहिला त्याकडे वळू. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम हे गाव आहे. शुकदास महाराजांनी तिथे विवेकानंद आश्रम स्थापन केला. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तिथे लाखावर भाविक एका वेळी पंगतीला बसतात, पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरमधून वाढला जातो. त्या गावात वाढणाऱ्या मुलाला पंगतीचा हिशेब म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. म्हणून तिथल्याच एका विद्यार्थ्याची कल्पना करू. आश्रमाच्या उत्सवाशी या उदाहरणाचा संबंध नाही. त्याच्या मित्रमंडळाने एक लहानसा भंडारा ठरवला आहे आणि कोणत्या गावाहून किती वांगी यायची, किती आली, याचा हिशेब त्याच्याकडे आहे, असे समजा.

मेहकरहून ४० किलो यायची होती, ४० आली. जानेफळहून ४० यायची, २५ आली. डोणगावहून ३० पैकी ३०. लोणारहून ३५ पैकी १५. सुलतानपूरहून २० पैकी २०. त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो ‘बाकी’ नावाचा स्तंभ काढतो आणि बाकी शून्यापेक्षा जास्त असेल तर आकडा लाल करतो. टर्मिनलवर फारच छान दिसते. जानेफळ १५ लाल, लोणार २० लाल, उरलेले शून्य पांढरे.

मग त्याने तोच निकाल ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह वापरून फाईलमध्ये वळवला आणि फाईल स्प्रेडशीटमध्ये उघडून बाकी स्तंभाची बेरीज केली. बेरीज आली ०.

काय झाले? फाईलमध्ये १५ नाही, तर ‘एस्केप [३१एम१५एस्केप [०एम’ एवढी सगळी माळ गेली. स्प्रेडशीटच्या दृष्टीने ती संख्या नाही, मजकूर आहे. आणि बेरजेचे सूत्र मजकुराचे रकाने मुकाट्याने सोडून देते. चूक झाली असे सांगत नाही. ज्या रकान्यांना रंग नव्हता, म्हणजे जिथे काहीच बाकी नव्हते, तेवढेच मोजले गेले. लक्ष वेधावे म्हणून जे दोन आकडे लाल केले, नेमके तेच हिशेबातून गळले. पस्तीस किलो वांगी यायची बाकी आहेत आणि कागद म्हणतो, सगळे आले.

पाच ओळींची यादी असेल तर मधले विचित्र कंस डोळ्याला खटकतील. दोनशे ओळी असतील तर कोण पाहतो? वांग्यांच्या जागी औषधांचा साठा किंवा विद्यार्थ्यांचे गुण ठेवून पाहा.

दोष रंगाचा नाही. दोष आहे समोर कोण वाचते आहे हे न पाहता रंग देण्याचा. समोर माणसाचा डोळा असेल तर कोड रंग होतो. समोर फाईल किंवा दुसरा प्रोग्राम असेल तर कोड कोडच राहतो, आणि मजकूर बिघडवतो.

समोर कोण आहे, हे ओळखायचे कसे

यासाठी युनिक्समध्ये फार पूर्वीपासून सोय आहे. प्रोग्राम विचारू शकतो, की माझे आउटपुट टर्मिनलला जोडलेले आहे का? या चौकशीचे नाव ‘इझ-ए-टीटीवाय’. पायथनमध्ये मानक आउटपुटवर याच नावाची पद्धत आहे, ती खरे किंवा खोटे असे उत्तर देते. शेलमध्ये अट लिहिताना ‘वजा टी १’ वापरतात. इथे १ म्हणजे मानक आउटपुट. चुकांचे संदेश २ या वाटेने जातात, त्यांची चौकशी वेगळी करावी लागते. माणूस अनेकदा निकाल फाईलमध्ये वळवतो पण चुका पडद्यावरच पाहतो.

उत्तर ‘खोटे’ आले तर रंग द्यायचा नाही. त्या विद्यार्थ्याच्या प्रोग्राममध्ये एवढी एक अट असती, तर बेरीज ३५ आली असती.

तयार आज्ञाही हेच करतात. ‘एलएस’ आणि ‘ग्रेप’ यांना रंगाचा पर्याय तीन प्रकारे देता येतो: नेहमी, कधीच नाही, आणि आपोआप. आपोआप म्हणजे टर्मिनल असेल तरच. स्क्रिप्टमध्ये ‘नेहमी’ लिहिण्याचा मोह टाळावा. लांबलचक रंगीत निकाल ‘लेस’ या आज्ञेतून पानापानाने वाचायचा असेल, तेवढ्यापुरता ‘नेहमी’ वापरणे योग्य. त्या वेळी लेसला ‘वजा मोठा आर’ हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर रंगाऐवजी कोड दिसतात.

शिवाय वापरणाऱ्याची इच्छा असतेच. २०१७ पासून एक साधा संकेत रूढ होत गेला आहे. ‘नो अंडरस्कोअर कलर’ (सगळी मोठी अक्षरे) हे पर्यावरण चल कोणत्याही मूल्याने भरलेले असेल, तर प्रोग्रामने आपणहून रंग देऊ नये. अनेक प्रोग्राम तो पाळतात. आपल्या प्रोग्राममध्ये तो पाळायला दोन ओळी लागतात.

फाईलमध्ये कोड आधीच शिरले असतील तर ‘कॅट’ला ‘वजा व्ही’ देऊन फाईल पाहा. लपलेला एस्केप टोपीचे चिन्ह आणि चौकोनी कंस अशा रूपात दिसू लागतो. मग ‘सेड’ वापरून एस्केप, कंस, कितीही अंक व अर्धविराम आणि शेवटचा एम हा साचा शोधून काढून टाकता येतो. पण मूळ प्रोग्राम दुरुस्त करणे केव्हाही बरे.

मराठी मजकूर रंगवताना

इथे दोन अडचणी इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाहीत.

पहिली स्तंभ जुळवण्याची. एस्केप कोड पडद्यावर जागा घेत नाहीत, पण मजकुराची लांबी मोजणारा प्रोग्राम त्यांनाही मोजतो. त्यामुळे रंगीत ओळी डावीकडे सरकतात. उपाय ठरलेला आहे: आधी मोकळ्या जागा भरून शब्द हव्या त्या रुंदीचा करा, मग त्या पूर्ण तुकड्याला रंग द्या. पण देवनागरीत एवढ्याने भागत नाही. ‘वांगी’ आपल्याला दोन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने ती पाच चिन्हे आहेत: व, काना, अनुस्वार, ग, दीर्घ वेलांटी. आणि यूटीएफ-८ मध्ये ते पंधरा बाइट होतात. पायथन लांबी ५ सांगतो, बाइट मोजणारी साधने १५ सांगतात, आणि पडद्यावर किती जागा लागेल हे टर्मिनल आणि फॉन्टवर ठरते. साधी युक्ती: आकड्यांचे स्तंभ आधी घ्या आणि मराठी नाव ओळीच्या शेवटी टाका. मग ते लांब असो की आखूड, त्याच्यामागे बिघडायला काही उरत नाही.

दुसरी अडचण अक्षराच्या पोटात रंग बदलण्याची. ‘कि’ मध्ये क आधी साठवला जातो आणि वेलांटी नंतर, जरी ती डावीकडे दिसत असली तरी. समजा ग्रेपला फक्त ‘क’ शोधायला सांगितले आणि त्याने तेवढाच रंगवला. आता क आणि वेलांटी यांच्यामध्ये कोड येऊन बसला. ‘क्ष’मध्येही तेच, क एकीकडे आणि हलन्त व ष दुसरीकडे. काही टर्मिनले तरीही अक्षर नीट जोडतात, काही मात्रा सुटी दाखवतात, काही ठिकाणी ठिपक्यांचे वर्तुळ उगवते. म्हणून मराठीत रंग द्यायचा तो पूर्ण शब्दाला. अक्षराच्या तुकड्याला कधीच नाही.

रंगावाचूनही कळले पाहिजे

लाल म्हणजे वाईट आणि हिरवा म्हणजे चांगले, ही जोडी सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. रंगांधळेपणाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात नेमके हेच दोन रंग वेगळे ओळखू येत नाहीत, आणि तो बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक असतो. शिवाय टर्मिनलमधला मजकूर उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की रंग मागेच राहतो. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापला तरी तेच. त्यामुळे नुसता लाल १५ लिहू नका. ‘बाकी १५’ लिहा आणि मग हवे तर लाल करा. रंगाने नजर लवकर जावी एवढेच त्याचे काम. अर्थ शब्दात असायला हवा.

पार्श्वभूमीचाही विचार करा. तुमचा पडदा काळा असेल, पण दुसऱ्याचा पांढरा असू शकतो. पांढऱ्यावर पिवळे अक्षर जवळजवळ नाहीसे होते. साध्या मजकुराला मुद्दाम पांढरा रंग देणे तर टाळाच. त्यासाठी ३९ आहे.

विंडोज आणि तयार लायब्ररी

डॉसच्या काळात हे कोड चालण्यासाठी ‘अ‍ॅन्सी डॉट सिस’ नावाचा ड्रायव्हर भरावा लागे. नंतरच्या विंडोजमध्ये बराच काळ ते चालतच नसत. विंडोज १० मध्ये ही सोय परत आली, आणि २०२० साली आलेल्या विंडोज टर्मिनलमध्ये तर काही वेगळे करावे लागत नाही. जुन्या विंडोजसाठी पायथनची ‘कलरामा’ ही लायब्ररी उपयोगी पडे. ती कोडचे भाषांतर विंडोजच्या स्वतःच्या रंगाज्ञांमध्ये करते. तक्ते, चौकटी, प्रगतिपट्ट्या असे बरेच काही हवे असेल तर ‘रिच’ ही लायब्ररी चांगली आहे.

पण केवळ दोन शब्द लाल करायला लायब्ररी घेण्यापूर्वी थांबून पाहा. जावास्क्रिप्टच्या जगात जानेवारी २०२२ मध्ये ‘कलर्स’ या लोकप्रिय लायब्ररीच्या कर्त्यानेच तिच्यात न संपणारे चक्र घातले आणि तिच्यावर अवलंबून असलेले असंख्य प्रकल्प एका दिवसात निरर्थक अक्षरे ओकू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘चॉक’ आणि रंगाशी संबंधित इतर काही पॅकेजांच्या देखभालकर्त्याचे खाते बनावट ईमेलद्वारे बळकावून त्यांत घातक कोड घालण्यात आला. रंगाचा कोड चार-पाच अक्षरांचा आहे. आपल्या प्रोग्राममध्ये दोन छोटी फंक्शन्स लिहून काम भागत असेल, तर तेवढेच करावे.

सुरक्षेची आणखी एक बाजू आहे. एस्केप कोड फक्त रंग बदलत नाहीत. ते पडदा पुसू शकतात, कर्सर मागे नेऊन आधीची ओळ खोडू शकतात, खिडकीचे शीर्षक बदलू शकतात. त्यामुळे बाहेरच्या माणसाने भरलेला मजकूर (नाव, अभिप्राय, सर्व्हरच्या नोंदी) टर्मिनलवर छापण्यापूर्वी त्यातला २७ क्रमांकाचा एस्केप काढून टाकावा. नाहीतर कोणी आपल्या नावातच असा कोड लिहून तुमच्या पडद्यावरची त्याला नको असलेली ओळ दिसेनाशी करू शकतो.

नेहमीच्या तक्रारी

प्रॉम्प्टला रंग दिला आणि लांब आज्ञा टाइप करताना ओळ स्वतःवरच चढू लागली, असे झाले असेल तर बॅशला कोडची लांबी न मोजण्यास सांगितलेले नाही. प्रॉम्प्टच्या व्याख्येत प्रत्येक कोडच्या आधी ‘बॅकस्लॅश डावा चौकोनी कंस’ आणि नंतर ‘बॅकस्लॅश उजवा चौकोनी कंस’ घाला.

ठळक मागितले आणि रंगच उजळ झाला, तर तो बिघाड नाही. बरीच टर्मिनले १ या आकड्याचा अर्थ जुन्या सवयीने ‘उजळ’ असाही घेतात. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये बहुधा ते बदलता येते.

आणि प्रोग्राम मध्येच कंट्रोल-सी दाबून थांबवल्यावर सगळे लालच राहिले, किंवा चुकून चित्राची फाईल कॅट केल्यावर अक्षरे चिन्हांत बदलली, तर खिडकी बंद करायची गरज नाही. ‘रीसेट’ टाइप करून एंटर दाबा. टाइप केलेले दिसत नसले तरी आज्ञा पोचते.